पावणेदोन पायलीचा प्रश्न

पावणेदोन पायली तांदूळ अधोलीने मोजला, तर किती अधोल्या भरतील? पायली म्हणजे चार शेर आणि अधोली म्हणजे अर्धी पायली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कागद लागत नाही. पावणेदोन पायली म्हणजे सात शेर. तीन अधोल्या भरल्या की सहा शेर गेले, एक शेर उरला. खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. हा उरलेला शेर किती म्हणायचा? पायलीकडून पाहिलं तर तो पाव आहे, अधोलीकडून पाहिलं तर अर्धा. मग उत्तर सव्वातीन की साडेतीन? आपण अधोल्या मोजत होतो, म्हणून साडेतीन. हेच गणित पाचवी-सहावीच्या वहीत ‘एक पूर्णांक तीन छेद चार भागिले एक छेद दोन’ अशा रूपात येतं. भाजक उलटा करून गुणायचं, सात छेद दोन लिहायचं, खाली दोन रेघा मारायच्या. दोन ओळींत काम संपतं. भाजक उलटा का करायचा हे कोणी विचारत नाही. पाव आणि अर्धा यांतला जो घोळ शेराने समोर मांडला होता, तो तर वहीत कुठे दिसतच नाही.

मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. उद्या जो शाळेत गणित शिकवणार आहे, त्याला आज अध्यापक विद्यालयात असताना अशा घोळात पडायची, तिथे काही काळ अडकून राहायची आणि आपल्या डोक्याने बाहेर यायची सवय लागली पाहिजे. ही सवय पाठ टाचणातून येत नाही, अध्यापन पद्धतींची नावं पाठ करून येत नाही आणि पात्रता परीक्षेच्या तयारीतून तर मुळीच येत नाही. पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांतल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवल्या, तर ही गरज किती निकडीची आहे ते अधिक स्वच्छ दिसतं.

वर दिलेला भागाकार मुद्दाम निवडला आहे. लिपिंग मा या चिनी-अमेरिकन संशोधिकेने नेमका हाच प्रश्न अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना विचारला होता. तिचं पुस्तक १९९९ साली आलं. पावणेदोन भागिले अर्धा हे सोडवा आणि या भागाकाराला शोभेल अशी एक गोष्ट, म्हणजे आपल्या भाषेत एक शाब्दिक उदाहरण, तयार करा, एवढंच काम होतं. अमेरिकेतल्या २१ शिक्षकांनी आकडेमोड करून पाहिली, त्यांतल्या नऊ जणांचं उत्तर पूर्ण बरोबर आलं. शाब्दिक उदाहरण मात्र त्या २३ जणांत अवघ्या एकालाच बरोबर जमलं. बऱ्याच जणांनी ‘अर्ध्याने भागा’ याऐवजी ‘दोघांत वाटा’ अशी गोष्ट रचली. पावणेदोन पायली दोघांत वाटली तर प्रत्येकाला साडेतीन शेर मिळतात. आकडा साडेतीनच आला म्हणून इथे फसगत आणखी सोपी होते, पण ते शेर आहेत, अधोल्या नव्हेत, आणि भागाकारही वेगळा आहे. चीनमधल्या सर्व ७२ शिक्षकांची आकडेमोड बरोबर होती आणि ६५ जणांना योग्य उदाहरण रचता आलं. या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. अमेरिकेतले शिक्षक पदवीधर होते. चीनमधल्या शिक्षकांचं औपचारिक शिक्षण त्यांच्यापेक्षा बरंच कमी होतं. नववीपर्यंत शाळा आणि त्यावर दोन-तीन वर्षांचं शिक्षक-प्रशिक्षण, एवढ्या शिदोरीवर ते उभे होते. त्यांची समज नोकरी करता करता वाढली होती. एकाच धड्यावर सहकाऱ्यांशी बसून बोलायचं, एक गणित चार तऱ्हांनी सोडवून पाहायचं, हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

आपल्याकडे डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला, येणारा विद्यार्थी कोणत्याही शाखेतून बारावी झालेला असतो. कला शाखेचा असेल तर त्याचा गणिताशी संबंध बहुधा दहावीनंतरच सुटलेला असतो. ‘अशा मुलांकडून गणितातल्या समस्या सोडवून घेण्याची अपेक्षाच चुकीची’ असं म्हणणाऱ्यांना चीनच्या त्या ७२ शिक्षकांनी परस्पर उत्तर दिलं आहे. पदवीचं गणित नसलं तरी चालतं. चौथीपर्यंतचं गणित आतून, मुळापासून, पुन्हा एकदा स्वतः करावं लागतं. आणि ते करण्यासाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरेसा आहे, त्यातला वेळ कशावर खर्च होतो हे एकदा तपासून पाहिलं तर.

आता तालुक्यांकडे येऊ. भोर म्हणजे पंत सचिवांचं जुनं संस्थान, १९४८ साली भारतात विलीन झालेलं. नीरा आणि वेळवंडी या नद्यांची खोरी, मध्ये भाटघरचा जलाशय, वर रायरेश्वराचं पठार. शेजारचा वेल्हे, ज्याला राज्य सरकारने आता राजगड तालुका असं नाव दिलं आहे, म्हणजे तोरणा आणि राजगड या दोन गडांच्या आसपासचा मुलूख, पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी या धरणांचा. २०११ च्या जनगणनेत वेल्ह्याची लोकसंख्या जेमतेम ५४ हजारांच्या घरात होती, जिल्ह्यात सर्वांत कमी. भोरची होती १ लाख ८६ हजारांच्या आसपास. पावसाळा भरभक्कम, वस्ती विखुरलेली. गावाच्या चार वाड्या चार टेकाडांवर, धनगरवस्ती त्याहून वर. धरणाचं पाणी खोऱ्यात शिरलं तसे रस्तेही लांबले, समोर दिसणाऱ्या गावाला वळसा घालून जावं लागतं. शिकलेली तरुण कुटुंबं पुण्याकडे सरकत गेली. अशा मुलखात शाळा लहानच असणार. पहिली ते चौथी मिळून दहा-बारा मुलं आणि दोन शिक्षक, असं चित्र केळद, घिसर, भुतोंडे, हिर्डोशी या बाजूंना कोणालाच नवलाचं वाटत नाही.

हे दुर्मीळ अपवाद आहेत असंही नाही. २०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा राज्यातल्या अशा शाळांची संख्या चौदा हजारांवर असल्याचं पुढे आलं. त्यांत १ लाख ८५ हजारांच्या आसपास मुलं आणि २९ हजारांवर शिक्षक. भागाकार करून पाहिला तर शाळेमागे बारा-तेरा मुलं आणि दोन शिक्षक येतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक आहेत. या दोघांपैकी एक जण बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की उरलेला शिक्षक चार इयत्ता घेऊन एकटा असतो. त्याच्या हातात अध्यापक विद्यालयाने काय दिलेलं असतं? एका इयत्तेचा, एका घटकाचा, तीस-चाळीस मिनिटांचा पाठ. उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, प्रस्तावना, विषय विवेचन, मूल्यमापन, स्वाध्याय. हा साचा ज्या वर्गासाठी घडला तो वर्ग या शाळांत अस्तित्वातच नाही. चार इयत्तांना चार पाठ द्यायचे म्हटले तर तासातली दहा-दहा मिनिटं वाट्याला येतात आणि उरलेला वेळ मुलं ‘पाढे लिहा’, ‘उजळणी काढा’ यांत घालवतात.

म्हणून म्हणतो, की समस्या सोडवण्याचं गणित ही या शाळांसाठी हौस नव्हे. चार इयत्तांची मुलं एकाच वेळी हात घालू शकतील असा एक चांगला प्रश्न हाच तिथला तास वाचवणारा उपाय आहे. पायलीकडेच पुन्हा जाऊ. चार चिपट्यांचा शेर, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. गावागणिक मापांत थोडा फरक असे, पण दुपटीची ही चढण सगळीकडे ओळखीची. आता चिपटं, मापटं, शेर, अधोली आणि पायली ही पाच मापं, प्रत्येकी एकच, पुढ्यात ठेवली आणि विचारलं, की प्रत्येक माप जास्तीत जास्त एकदाच भरून आपल्याला किती किती चिपटी तांदूळ मोजून देता येईल? पहिलीचं मूल हाताने ओतून पाहील, चिपटं आणि मापटं मिळून तीन. दुसरी-तिसरीचं मूल पाच, सहा, सात जमवेल आणि तक्ता करायला लागेल. चौथीच्या मुलाला कधीतरी जाणवेल, की मधली एकही संख्या सुटत नाही. पाचही मापं भरली तर एकतीस चिपटी होतात, दोन पायल्यांना फक्त एक चिपटं कमी. मग प्रश्न येतो, एकच माप आणखी वाढवायचं तर किती मोठं घ्यावं? आणि तेरा चिपटी दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी मोजता येतील का? एका प्रश्नातून चार इयत्तांना पुरेल एवढं काम निघालं. शिक्षकाला चार पाठ घ्यावे लागले नाहीत, चार गटांत फिरून चार वेगळे प्रश्न विचारावे लागले. पण हे करायचं तर पुढचा प्रश्न कोणता विचारायचा हे त्याला त्या क्षणी सुचलं पाहिजे. आणि ज्याने स्वतः ती मापं पुढ्यात घेऊन तासभर डोकं चालवलेलं नाही, त्याला ते सुचणार नाही.

हीच मापं छात्राध्यापकांना आणखी एका कारणासाठी उपयोगी आहेत. हातच्याची बेरीज पहिल्यांदा शिकताना मुलाला काय वाटतं, हे वीस वर्षांच्या माणसाला आठवणं अशक्य आहे. त्याच्या हाताला ते इतकं वळण पडलेलं असतं, की चूक कुठे होऊ शकते हेच दिसत नाही. त्याला सांगावं, दोन पायली तीन शेर तीन चिपटी यांत एक पायली दोन शेर दोन चिपटी मिळव. चिपटी झाली पाच, त्यांतला एक शेर झाला आणि एक चिपटं उरलं. शेर झाले तीन, दोन आणि हातचा एक, मिळून सहा, म्हणजे एक पायली आणि दोन शेर. पायल्या दोन, एक आणि हातची एक, चार. उत्तर चार पायली, दोन शेर, एक चिपटं. इथे हातचा दहावर नाही, चारावर येतो. भल्याभल्यांचा हात पहिल्या खेपेला दहाकडे ओढला जातो आणि बेरीज चुकते. त्या चुकीत सापडलेल्या माणसाला दुसरीतल्या मुलाची ‘अठ्ठावीस आणि सात, पस्तीस’ ऐवजी ‘दोनशे पंधरा’ लिहिण्याची चूक नव्याने दिसते. मुलाला बेरीज येत नाही म्हणून ती झालेली नसते. दहा सुटे मिळून एक दशक होतो ही गोष्ट त्याच्या मनात अजून बसलेली नसते. जुनी मापं पुन्हा चालू करावीत असा याचा अर्थ मुळीच नाही. दशमान मापं १९५६ च्या कायद्याने आली, चांगलं झालं. पण छात्राध्यापकाला जुनी मापं अपरिचित आहेत, हाच प्रशिक्षणात त्यांचा गुण आहे. शिवाय ती भोर-वेल्ह्यातल्या आजीच्या घरात अजून सापडतील.

मराठी भाषेत तर असा एक प्रश्न आयता पडून आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’ यासोबत ‘वीस सात’ असं संख्यावाचन आलं आणि राज्यभर वाद पेटला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी कारण सांगितलं होतं, ते गणितातलं होतं. आपण बोलताना एकक आधी म्हणतो, लिहिताना दशक आधी लिहितो, मुलं गोंधळतात. वाद मात्र भाषेच्या अस्मितेवर गेला, विधिमंडळात गेला, थट्टेवर गेला. त्या सगळ्या गदारोळात अध्यापक विद्यालयांसाठी केवढी सुंदर समस्या होती! एक ते शंभरमधल्या किती संख्यांचं नाव पुढच्या दशकाचं आहे? एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं करत एकोणनव्वदपर्यंत आठ. मग नव्व्याण्णव का नाही एकोणशंभर? एकोणतीस ऐकून मुलाने ३९ लिहिलं, तर तो नेमकं काय ऐकतो आहे? ५७ आणि ७५ यांत उलटापालट करणारं मूल आणि एकोणतीसला ३९ लिहिणारं मूल, दोघांची चूक एकच आहे का? यातल्या एकाही प्रश्नाला गणिताची पदवी लागत नाही. लागतो तो स्वतःच्या भाषेकडे गणिताच्या डोळ्यांनी पाहण्याचा सराव. ‘वीस सात’ म्हणायचं की ‘सत्तावीस’, याचा निर्णय पुस्तक करू शकतं. समोरच्या मुलाला कोणत्या वेळी कोणतं म्हणून दाखवायचं, हे फक्त शिक्षकच ठरवू शकतो.

समस्या सोडवण्याचं शास्त्र सांगणारा सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे हंगेरीत जन्मलेला जॉर्ज पोल्या. ‘हाउ टू सॉल्व्ह इट’ हे त्याचं पुस्तक १९४५ चं. प्रश्न समजून घ्या, योजना करा, ती पार पाडा, मग मागे वळून पाहा, या त्याच्या चार पायऱ्या जगभर गेल्या. आपल्या वर्गातही त्या वेगळ्या वेशात आल्या आहेत. काय दिलं आहे, काय विचारलं आहे, कोणती क्रिया, उत्तर. चौथी पायरी वाटेत गळून पडली. दुसरीच्या जागी तर चक्क शब्द हेरण्याची युक्ती येऊन बसली. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘शिल्लक’ दिसलं की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसलं की भागाकार. मग ‘गणूने आठ करवंदं बहिणीला दिली, तेरा शिल्लक राहिली, आधी किती होती?’ असं विचारलं की युक्तीवर वाढलेलं मूल तेरातून आठ वजा करतं. युक्ती शिकवणाऱ्यांना मी आळशी म्हणणार नाही. पुस्तकातली दहापैकी आठ गणितं त्या युक्तीने सुटतात, म्हणून ती टिकली. पण ती मुलाला वाचण्यापासून सोडवते, आणि गणितात न वाचता सुटका नसते. पोल्याने पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात शाळेतल्या शिक्षकांसाठी वर्ग घेतले आणि त्यातून दोन खंडांचं आणखी एक पुस्तक झालं. शिक्षकाने स्वतः शोधाचा अनुभव घेतलेला असलाच पाहिजे, यावर त्याचा भर होता.

न वाचता सोडवण्याचे परिणाम नीट मोजले गेले आहेत. १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी लहान वर्गातल्या मुलांना विचारलं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी क्रिया करून वय सांगितलं. त्याच सुमारास अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, ११२८ सैनिक आहेत, एका बसमध्ये ३६ बसतात, किती बस लागतील? भागाकार सुमारे ७० टक्के मुलांचा बरोबर आला. ३२ बस हे बरोबर उत्तर मात्र २३ टक्क्यांनीच दिलं. त्याहून जास्त मुलांनी ‘३१ बस, बाकी १२’ असं लिहिलं. राजगडाच्या सहलीला ४७ मुलं निघाली आणि एका जीपमध्ये नऊ बसतात, तर किती जिपा सांगायच्या, याला ‘पाच, बाकी दोन’ असं उत्तर देणारा मुलगा घरी कधीही दोन भावंडांना रस्त्यावर सोडून येणार नाही. ती दोन मुलं त्याने शाळेत सोडली, कारण शाळेतलं गणित आणि खरी जीप यांचा संबंध नसतो हे त्याला शाळेनेच शिकवलं आहे.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळता येणार नाही. मुलांना साधा भागाकार येत नाही, मग समस्या कसल्या सोडवायच्या? ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी भागाकार येणारी २०२२ साली २६ टक्क्यांच्या आसपास होती, २०२४ साली ३१ टक्क्यांच्या आसपास. पाया कच्चा असताना कळस कशाला, असं कोणी म्हटलं तर त्यात कळवळा आहे. या आक्षेपाला विद्वानांचाही आधार आहे. जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ठामपणे मांडलं, की नवशिक्याला मार्गदर्शनाशिवाय शोधायला सोडून दिलं तर त्याच्या डोक्यावर नुसता भार पडतो, शिकणं होत नाही. त्याला आधी सोडवलेली उदाहरणं दाखवावी लागतात. मला हे मान्य आहे. मुलाला मापं देऊन शिक्षकाने खुर्चीवर बसावं असं मी म्हणत नाही. पण मार्गदर्शन करायचं तर वाट माहीत असलेला माणूस लागतो, आणि हा लेख त्या माणसाबद्दलच आहे. दुसरं, भागाकार न येणाऱ्या मुलांना आजवर भागाकाराची रीतच तर शिकवली जात होती. वर्षानुवर्षं रीत शिकवून आकडा तिसाच्या आसपास घोटाळत असेल, तर रीत आणखी जोरात शिकवल्याने तो हलेल असं मानायला आधार कोणता? तांदूळ मापाने मोजणारं मूल भागाकारच करत असतं, पुन्हा पुन्हा वजा करून. पाया आणि कळस हे रूपकच इथे मला चुकीचं वाटतं. भात लावताना आधी सगळी मुळं वाढवू आणि मग पानं, असं कोणी करत नाही.

पाढ्यांविषयीही एक खुलासा करायला हवा, कारण समस्यांचा आग्रह धरणारे पाठांतराचे शत्रू असतात असा समज आहे. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी होती, औटकी होती. औट म्हणजे साडेतीन, आपल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर! ज्या समाजात अपूर्णांक इतके तोंडात होते त्याला अपूर्णांकांची भीती वाटली नसणार. ती भीती आपण नंतर अंश-छेदाच्या चिन्हांसोबत आणली. पाढे पाठ असलेलं मूल समस्येत लवकर शिरतं, हे निर्विवाद आहे. माझी तक्रार पाढ्यांवर थांबणाऱ्या तासाबद्दल आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त बाराव्या शतकात जी गणितं घातली, त्यांत रीत आहे आणि लगेच प्रत्येक रीतीची कसोटी पाहणारा रसाळ प्रश्नही आहे.

दुसरा आक्षेप भावी शिक्षक स्वतःच घेतील, आणि त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर तो पूर्ण रास्त आहे. नोकरी मिळवून देणारी परीक्षा यातलं काही विचारत नाही. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पहिल्या पेपरात १५० मिनिटांत १५० प्रश्न, त्यांत गणिताचे ३०, सगळे बहुपर्यायी. त्यानंतरच्या टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता, चाचणीत १२० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. २०२५ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेची पाच वर्षांपेक्षा जास्त मुदत उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी लागू झाली, त्यामुळे ही घोकंपट्टी आता कामावर असलेल्यांच्या घरीही पोचली आहे. अमेरिकन संशोधक ॲलन शोनफेल्ड यांनी विद्यार्थ्यांच्या समजुतींचा अभ्यास केला, त्यात दिसलं, की गणित येत असेल तर ते काही मिनिटांत सुटतंच, नाहीतर सुटणारच नाही, असं मुलं धरून चालतात. ३६ सेकंदांच्या चाळणीतून निवडलेला शिक्षक वर्गात जाऊन मुलाला अर्धा तास एका प्रश्नावर बसू देईल, ही अपेक्षा करताना आपण त्याच्यावर अन्यायच करतो. चाळणी बदलावी, असं मला वाटतंच. चार दीर्घ प्रश्नांचा एक पेपर, ज्यात मुलाची चुकीची वही देऊन ‘याने काय विचार केला असेल’ हे विचारलं आहे, तपासायला जड जाईल पण अशक्य नाही. ती बदलेपर्यंत अध्यापक विद्यालयाच्या हातात जे आहे तेही थोडं नाही. अंतर्गत गुण त्यांच्या हातात आहेत आणि छात्रसेवाही. शिक्षक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी या पदविकेत किमान २० आठवडे शाळेत घालवायला सांगितले आहेत. हे आठवडे बहुतेक वेळा विद्यालयाजवळच्या, इयत्तावार वर्ग असलेल्या शाळेत जातात. पुण्याच्या छात्राध्यापकांचे त्यांतले चार आठवडे जरी वेल्ह्याच्या द्विशिक्षकी शाळेत गेले, राहण्याची सोय करून, तर एका इयत्तेचं टाचण घेऊन गेलेल्या मुलीला चार इयत्तांसाठी एक प्रश्न शोधावाच लागेल. गरजेपोटी शोधलेला प्रश्न पद्धतीच्या पुस्तकातल्या दहा प्रश्नांपेक्षा जास्त टिकतो.

तिसरा आक्षेप व्यवस्थेकडून येतो. लहान शाळाच एकत्र केल्या तर बहुवर्ग अध्यापनाची ही कटकटच राहणार नाही. गंमत अशी, की समूह शाळेचा नमुना म्हणून राज्यापुढे ठेवलेल्या दोन ठिकाणांपैकी एक याच वेल्हे तालुक्यातलं पानशेत आहे, दुसरं नंदुरबारचं तोरणमाळ. पानशेतला इमारत, वाहन, ग्रंथालय, इयत्तावार शिक्षक या सोयी देता येतात, हा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. तरीही पहिलीच्या मुलाला घाटरस्त्याने, श्रावणातल्या पावसात रोज किती नेता येईल, या प्रश्नाला प्रत्येक वाडीचं उत्तर वेगळं असणार, आणि पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हे या राज्याने नियमांत मान्य केलेलं अंतर आहे. पण तो वाद बाजूला ठेवला तरी गणिताचा प्रश्न समूह शाळेत मिटत नाही. आठ वाड्यांतून आलेल्या तिसरीच्या वीस मुलांत कोणी दशकापर्यंत, कोणी भागाकारापर्यंत पोचलेलं असतं. पाटीवर इयत्ता एक लिहिली म्हणून वर्ग एक होत नाही. तिथेही लागतो तो सगळ्यांना आत घेणारा प्रश्न.

असा प्रश्न साहित्यासारखा वाटता येत नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी दहा-बारा वर्षांपूर्वी ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मुलाने आपलं ज्ञान स्वतः घडवण्याचा, प्रयोग केला. हजारो शिक्षक तो पाहायला गेले आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाला त्यातून बळ मिळालं. त्या भेटींतून परत नेणं सर्वांत सोपं होतं ते फरशीवर रंगवलेलं साहित्य. पुष्कळ शाळांच्या फरश्या रंगल्या. कुमठ्याच्या शिक्षिका मुलाच्या उत्तरानंतर जो पुढचा प्रश्न विचारत, तो मात्र रंगवून नेता येण्यासारखा नव्हता. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या गणित गटाने, आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखाली, २००५ मध्येच सांगितलं होतं, की मुलाच्या विचाराला गणिती वळण देणं हे या विषयाचं मोठं उद्दिष्ट आहे, आणि शिक्षकांची तयारी हा त्यातला कच्चा दुवा आहे. वीस वर्षांत पुस्तकं बदलली, गणित पेट्या आल्या, दशकाचे दांडे आणि मण्यांच्या माळा आल्या. साहित्य पोचवणं सोपं असतं, त्याची पावती घेता येते.

शिक्षकांच्या तयारीसाठी जागा मात्र आहे. भोर किंवा वेल्ह्याच्या केंद्रावर, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटात, दरमहा शिक्षण परिषद भरते. परिपत्रकांचं वाचन, अहवाल, ऑनलाइन माहिती भरण्याच्या सूचना. तिथे पहिला एक तास आठ-दहा शाळांचे शिक्षक आणि छात्रसेवेला आलेली मुलं यांनी मिळून एकच गणित सोडवायला घेतलं, आणि केंद्रप्रमुखांनी उत्तर माहीत नसताना त्यात भाग घेतला, तर काय लागेल? आठवडी बाजारातून आणलेली पाच मापं, दोन पायली तांदूळ, खाली अंथरायला सतरंजी. प्रत्येकाने वहीत फक्त आपण कुठे अडलो ते लिहायचं, उत्तर लिहिलं नाही तरी चालेल. आणि मापं आवरण्यापूर्वी कोणीतरी विचारायचं, की तराजूच्या एकाच पारड्याऐवजी दोन्ही पारड्यांत वजनं ठेवायला परवानगी दिली, तर एक ते चाळीस किलोपर्यंत प्रत्येक वजन तोलायला कमीत कमी किती वजनं पुरतील?